वाचक विचारतात: समाजशास्त्राच्या वर्गातून

समाजशास्त्र या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काही निवडून इथे घेतली आहेत. नवी मुंबईतल्या एका अनुदानित महाविद्यालयात हा विषय अनेक वर्षं शिकवणाऱ्या सहयोगी प्राध्यापिकेने उत्तरं दिली आहेत. जागेअभावी काही पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी बी.ए.ला आहे. तिला मुख्य विषय म्हणून समाजशास्त्र ठेवायचंय. नातेवाईक म्हणतात, याने पोट भरत नाही. मॅडम, खरं काय ते सांगा.
– एक पालक, कोपरखैरणे

खरंच सांगते. बी.ए. झालं की समाजशास्त्रावर थेट नोकरी लागत नाही. पण हे इतिहासालाही लागू आहे, मराठीलाही, आणि आजकाल बऱ्याच इंजिनिअरिंगच्या पदव्यांनाही. पदवीनंतरची दोन-तीन वर्षं मुलगी कशी घालवते यावर पुढचं ठरतं. तेवढा धीर घरच्यांनी धरायला हवा.

माझ्याकडून शिकून गेलेल्यांपैकी कोणी स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी सेवेत गेलं, कोणी बी.एड. करून ज्युनिअर कॉलेजला लागलं, काही जण संस्थांच्या पाहण्यांवर काम करतात. एक मुलगी ऐरोलीच्या कंपनीत आहे. लोक घरात एखादी वस्तू नेमकी कशी वापरतात, हे त्यांच्या घरी जाऊन बघायचं आणि लिहायचं, हे तिचं काम. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, २५० गुणांचे दोन पेपर असतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, तिथेही हा विषय आहे.

एक गोष्ट मात्र आत्ताच लक्षात ठेवा. मुलीला लोकांमध्ये जाऊन प्रत्यक्ष काम करायची ओढ असेल, म्हणजे रुग्णालयात, बालगृहात, कारखान्याच्या कामगार कल्याण विभागात, तर बी.ए.नंतर एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करावी. तिथल्या बहुतेक पदांना तीच पदवी मागतात, समाजशास्त्रातलं एम.ए. चालत नाही. एम.ए. पूर्ण करून मग हे विचारायला येणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांची दोन वर्षं गेलेली बघून वाईट वाटतं.

प्राध्यापकीचं म्हणाल, तर सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. मात्र पूर्णवेळ मंजूर जागा फार कमी निघतात. नेट-सेटसारखी पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली, पीएच.डी. झालेली माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबतात. मुलीला या वाटेने जायचं असेल तर हे तिला माहीत असू द्या आणि तरीही जायचं म्हणाली तर अडवू नका.

प्रश्न: तुम्ही स्वतः या विषयाकडे कशा वळलात?
– द्वितीय वर्ष कला, वाशी

माझे वडील माथाडी कामगार. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, त्यानंतर ते पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि मशीद बंदरला कांदा-बटाट्याच्या बाजारात हमालांच्या टोळीत लागले. बाजार वाशीला आला तसे आम्हीही खाडी ओलांडून आलो. त्याआधी ते ज्या खोलीत राहायचे ती गावकऱ्यांची खोली होती. एकाच गावचे पुरुष, प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीत एक खुंटी. रात्रपाळीवाले दिवसा झोपायचे आणि दिवसपाळीवाले रात्री. जेवण गावच्याच एका बाईच्या खानावळीत. माणूस गावी कायमचा परतला तरी त्याचा खोलीवरचा हक्क जात नसे, पुढे मुलगा आला की बापाच्या खुंटीला त्याची पिशवी लागायची. हे सगळं मी वडिलांच्या तोंडून ऐकत मोठी झाले. घरात ते नेहमीचंच बोलणं होतं, त्यात अभ्यास करण्यासारखं काही आहे असं कोणालाच वाटलं नव्हतं.

एम.ए.ला कलिन्याला गेले. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ सालचा. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचे, मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पुढे नगररचनेकडे वळलेले. कुठल्याही शहराचा आराखडा करण्याआधी त्या शहराची नीट पाहणी करा, असा त्यांचा आग्रह असे. १९२४ मध्ये मालवणचे गो. स. घुर्ये विभागप्रमुख झाले. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई ही सगळी त्यांची विद्यार्थी मंडळी. एम.ए.च्या एका तासाला आमचे सर नातेव्यवस्था शिकवत होते. वंश, वारसा, कोणाचा हक्क कोणाकडे जातो. मला ती खुंटी आठवली. नातं, गाव, जात, मजुरी आणि शहरातली झोपायची जागा, सगळं त्या एका खोलीत एकमेकांत गुंतलेलं होतं आणि त्यावर फारसं कोणी लिहिलेलं नव्हतं. मी पीएच.डी. त्याच विषयावर केली.

त्या अभ्यासात मी १९६९ चा माथाडी कायदा मुळापासून वाचला. त्याआधी हमालाला कोणी मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, मुकादमाच्या हातून यायची आणि हातात पडेपर्यंत कमी व्हायची. कायद्याने मंडळ आणलं. व्यापाऱ्याने मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची, आणि लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. ज्याला ठरावीक मालक नाही अशा कामगाराला कारखान्यातल्या कामगारासारखं संरक्षण कसं देता येईल, याचं उत्तर महाराष्ट्राने तेव्हा शोधलं होतं. आज ॲपवर जेवण पोहोचवणाऱ्या मुलांबद्दल चर्चा चालते तेव्हा मी वर्गात हा कायदा काढते. त्यातली काही मुलं माझ्याच वर्गात, मागच्या बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली असतात.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. हल्लीची मुलं वर्गात बसत नाहीत, बसली तर मोबाइलमधून उत्तर उतरवतात. अशा वर्गाला तुम्ही शिकवता कसं? नव्या शैक्षणिक धोरणाने काही बदललं का?
– नौपाडा, ठाणे

सर, माझी मुलं सकाळी कॉलेजला येतात आणि दुपारपासून रात्रीपर्यंत कामाला जातात. मॉल, कुरिअर, लॅबमधून रिपोर्ट पोहोचवणं, महापेच्या कंपन्यांत डेटा एंट्री. हजेरी ७५ टक्के हवी हा नियम त्यांनाही ठाऊक आहे, मलाही. वर्गात डुलक्या देणाऱ्या मुलीला उठवण्याआधी ती रात्री किती वाजता घरी पोहोचली हे मी विचारते.

शिकवण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझा जीव त्यातच आहे.

पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच मी प्रत्येकाला एक कोरं पान देते. त्यावर घरांची यादी करायची. आजी-आजोबा कुठे राहत होते, आई-वडील कुठे वाढले, तू कुठे जन्मलास, आत्ता कुठे राहतोस. प्रत्येक घराशेजारी लिहायचं: घर कोणाच्या नावावर होतं, ते का सोडलं, सोडायचं कोणी ठरवलं. हे मोबाइलवर सापडत नाही, चॅटजीपीटीलाही माहीत नाही. घरी जाऊन विचारावंच लागतं. कित्येक मुलं सांगतात की आजीने एवढा वेळ बसून आपल्याशी पहिल्यांदाच गप्पा मारल्या.

पानं परत आली की ‘घर का सोडलं’ या रकान्यात बहुतेकांनी एकच लिहिलेलं असतं: वडिलांनी ठरवलं. किंवा आजोबांचं भावाशी पटेना. किंवा कामासाठी. प्रत्येकाला वाटतं, ही आपल्या घरातली गोष्ट. मग मी सगळ्यांना घर सोडल्याचं साल विचारते आणि फळ्यावर क्रमाने मांडते. १९७२ च्या आसपास नगर, बीड, सोलापूरकडून आलेल्यांचा एक घोळका दिसतो, तो दुष्काळ. १९८२ नंतर लालबाग-परळ सोडून ठाण्याकडे, कळव्याकडे सरकलेले, तो गिरणी संप. १९९३ च्या शेवटी लातूर-उस्मानाबादहून आलेले, तो किल्लारीचा भूकंप. मुंब्र्याहून येणाऱ्या मुलींच्या पानांवर १९९२-९३ हे साल पुन्हा पुन्हा येतं आणि त्यापुढचा रकाना बऱ्याचदा कोरा असतो. त्या दंगलींनंतर मुंबईतून किती मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला आली हे ठाण्याच्या माणसाला सांगायला नको. कोरा रकाना भरायचा आग्रह मी कधीच धरत नाही.

फळा भरला की वर्ग शांत होतो. आपल्या वडिलांचा निर्णय त्याच वर्षी शेकडो वडिलांनी घेतला होता, हे मुलांनी स्वतःच्या हाताने शोधलेलं असतं. यानंतर मी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखीम काढते. आत्महत्येसारख्या अत्यंत खासगी कृतीचंही प्रमाण समाजागणिक बदलतं आणि वर्षानुवर्षं बऱ्यापैकी स्थिर राहतं, हे त्याने १८९७ मध्ये आकडेवारी मांडून दाखवलं. एरवी परीक्षेपुरता पाठ होणारा हा माणूस मग मुलांना चटकन कळतो.

एका वर्षी एका बाकावर दोन मुली बसायच्या. एक घणसोली गावातली आगरी, दुसरी मूळची उदगीरकडची, तळवलीत भाड्याने राहणारी. पहिलीच्या पानावर होतं: आजी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खोल्यांवर फिरून भाडं गोळा करते, वह्या तीच ठेवते. दुसरीच्या पानावर: मालकीणबाई पाच तारखेला येतात, आई आदल्या दिवशीच पैसे मोजून डब्यात ठेवते, कमी पडले तर शेजारणीकडून घेते. दोघींनी एकमेकींची पानं वाचली. त्यानंतरचा तास त्यांनीच चालवला. डिपॉझिट कोण ठरवतं, पाणी किती वाजता सोडतात, खोली देताना आडनाव का विचारतात, एकट्या मुलाला खोली का देत नाहीत. तिथून माझ्या पुढच्या संशोधनाला दिशा मिळाली. त्याबद्दल खालच्या पत्राच्या उत्तरात लिहिते.

नव्या धोरणाबद्दल: फिल्ड प्रोजेक्ट अभ्यासक्रमातच आला, ही मला मनापासून आवडलेली गोष्ट. पूर्वी हे मी जादा वेळ काढून करायचे, आता त्याला श्रेयांक आहेत. अडचण शिक्षकांच्या संख्येची आहे. जागा भरल्या नाहीत तर एवढ्या मुलांचे प्रोजेक्ट कोण बघणार? आणि कोणी बघितलेच नाहीत तर तेही उतरवलेच जातील.

प्रश्न: आमच्या गावात दर वर्षी कोणी ना कोणी प्राध्यापक, विद्यार्थी येतात, फॉर्म भरून नेतात, फोटो काढतात. तुमची पीएच.डी. होते. आम्ही प्रकल्पग्रस्त होतो, प्रकल्पग्रस्तच राहिलो. आम्हाला काय मिळतं?
– ग्रामस्थ, घणसोली गाव

तुमचा राग रास्त आहे आणि हे पत्र छापावं असा मीच संपादकांकडे आग्रह धरला.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. मिळालेल्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरातल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्यातून आली. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव देण्याच्या आंदोलनामुळे माझ्या विद्यार्थ्यांना दि. बा. हे नाव माहीत असतं, पण ८४ साली काय घडलं ते अनेकांना माहीत नसतं, आगरी घरातल्या मुलांनाही. म्हणून मी ते शिकवते.

शहराच्या नकाशात सेक्टर आखले गेले. गावठाणाच्या कुटुंबात मुलं वाढली, नातवंडं झाली, त्यांची जागा कुठे वाढणार याचा विचार त्या नकाशात पुरेसा झाला नाही. घरं वर चढली, बाजूला सरकली. तुम्ही त्यांना गरजेपोटी बांधलेली घरं म्हणता, कागदोपत्री ती अनधिकृत असतात. त्यातल्याच खोल्या भाड्याने गेल्या आणि शेतीच्या जागी भाडं आलं. एमआयडीसीतला हेल्पर, बाजारातला माथाडी, सेक्टरमधल्या सोसायटीत धुणीभांडी करणारी बाई, यांना परवडेल अशी जागा या शहरात गावठाणांनीच दिली. योजनेने ती दिली नव्हती. गावठाणातल्या भाड्याच्या खोल्यांवरच्या माझ्या निबंधात मी हे स्पष्ट लिहिलं आहे.

आता, तुम्हाला काय मिळतं? माझ्या अभ्यासाने तुमचं घर नियमित होणार नाही. असं कोणी आश्वासन देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. आमच्याकडून जे होऊ शकतं ते आम्ही करतो. ज्या घरी गेलो त्या घरातले जुने कागद, सातबारा, भूसंपादनाचा निवाडा, नोटिसा, पावत्या, मुलं व्यवस्थित स्कॅन करतात आणि एक संच त्या घराला देतात. वाळवी लागलेल्या कागदाची प्रत पुढे कुटुंबाला कचेरीत दाखवायला उपयोगी पडली, असं घडलं आहे. आजी-आजोबांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं तर ते पेन ड्राइव्हवर घरच्यांना परत देतो. निबंध छापायला पाठवण्याआधी त्याचा मराठी मजकूर मी गावात बसून वाचून दाखवते. तपशील चुकला असेल तर दुरुस्त करते.

पण हेही आधीच सांगते: मला जे दिसलं ते मी बदलत नाही. एका वाचनात मी म्हणाले की काही घरांत आडनाव किंवा धर्म पाहून खोली नाकारली जाते. मंडळी नाराज झाली. एक काका म्हणाले, आमच्यावर अन्याय झाला तो लिहा, हे कशाला? मी दोन्ही लिहिलं. ज्या गावाची जमीन गेली त्याच गावात भाडेकरूलाही उभं राहायला जागा हवी असते, आणि त्या भाडेकरूंची मुलंही माझ्याच वर्गात बसतात. काका नंतर बोलायचे थांबले नाहीत, याचं मला समाधान आहे.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल, बाहेर ती कोणी लिहित नाही. जमीन पुरुषांच्या नावावर होती, मोबदल्याचे व्यवहार पुरुषांनी केले. भाड्याचा व्यवहार मात्र, मी गेले त्या बऱ्याच घरांत, बायकांच्या हाती आला. कोणत्या भाडेकरूला सवलत द्यायची, कोणाचं डिपॉझिट घरातल्या हळदीला वापरून मग परत फिरवायचं, हे आजी ठरवते. वहीत तिच्या खुणा असतात, काही जणींना लिहिता येत नाही तरी हिशोब चोख. घर अजूनही तिच्या नावावर नसतं. पैसा हाताळणं आणि मालकी असणं यातलं हे अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुढच्या वेळी कोणी फॉर्म घेऊन आलं तर चार गोष्टी मागा. संस्थेचं पत्र. अभ्यास कशाबद्दल आहे, याचा मराठीत लिहिलेला कागद. मध्येच ‘पुरे’ म्हणायचा अधिकार. आणि काम झाल्यावर त्याची प्रत. यातलं काही द्यायला जो तयार नाही त्याला उत्तर द्यायची तुमच्यावर कसलीही सक्ती नाही.

प्रश्न: माझा मुलगा तुमचा विषय शिकतो. बहिणीच्या लग्नात देण्याघेण्याच्या बोलणीत तो मध्ये पडला आणि काकांशी त्याचं वाजलं. घरात जातीवरून, सोवळ्यावरून प्रश्न विचारतो. आम्ही काय करावं?
– एक आई, कळवा

ताई, देण्याघेण्याबाबत तुमच्या मुलाचं बरोबर आहे. हुंडा देणं आणि घेणं, दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्या बोलणीत मध्ये पडणारा भाऊ असणं ही तुमच्या मुलीसाठी चांगली गोष्ट आहे.

दुसऱ्या वर्षाला मी मुलांना रविवारच्या वर्तमानपत्रातल्या वधू-वर जाहिराती कापून आणायला सांगते. कोणत्या जाहिरातीत पोटजात लिहिली आहे, ‘जातीची अट नाही’ म्हणून पुढे एखादी जात वगळली आहे का, मुलीचा रंग आणि मुलाचा पगार कुठे येतो. मग आम्ही डॉ. आंबेडकरांचा निबंध वाचतो, वयाच्या पंचविशीत कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी त्यांनी वाचलेला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावल्यामुळे, आणि ते टिकवायला बाईवर बंधनं घालावी लागतात, हा त्यातला मुद्दा. शंभर वर्षांनंतर कापलेल्या जाहिराती शेजारी ठेवल्या की वीस वर्षांचा मुलगा घरी जाऊन बोलणारच.

त्याला एक काम द्या. तुमचं लग्न कसं ठरलं, तुम्हाला कोणी विचारलं होतं का, काय दिलं-घेतलं गेलं, हे त्याला सांगा आणि लिहून घ्यायला लावा. काकांनाही त्याने हेच विचारावं. ऐकून घ्यायची सवय लागली की आवाज चढत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न: मी तासिका तत्त्वावर शिकवतो. सेट झालो आहे. इंग्रजी कच्चं आहे. वय ३२. पीएच.डी. करावी का? शोधनिबंध छापून देतो म्हणून रोज मेसेज येतात.
– दिवा

सर, सेट झालात म्हणजे महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायची किमान पात्रता तुमच्याकडे आहे, एम.ए.ला ५५ टक्के असतील तर. २०२३ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, स्पष्ट केलं की नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट, त्या पदासाठी पीएच.डी. सक्तीची नाही. तेव्हा केवळ नोकरीच्या धास्तीने पीएच.डी.ला नाव नोंदवू नका. असा प्रश्न हाताशी असेल की त्याचं उत्तर शोधल्याशिवाय चैन पडणार नाही, तर जरूर करा.

पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, कमाल सहा. जेआरएफची, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन अधिछात्रवृत्तीची, रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, पण तिची वयोमर्यादा ३० आहे, त्यात मागासवर्गीय, महिला वगैरेंना पाच वर्षांची सवलत. तुमच्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या नक्की पाहा, त्यांच्या तारखा निघून जातात आणि मुलं हळहळतात.

मेसेज पाठवणाऱ्यांना पैसे देऊ नका. दोन दिवसांत निबंध छापतात त्यांनी तो वाचलेला नसतो. २०२२ च्या नियमांनंतर प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे अशी यूजीसीची अट राहिलेली नाही, आणि मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद केल्याचं आयोगाने जाहीर केलं. आता नियतकालिक चांगलं की वाईट हे ठरवायची जबाबदारी आपल्यावर आली आहे. त्याचे जुने अंक काढून वाचा, संपादक कोण आहेत बघा. समाज प्रबोधन पत्रिकेत मराठीत लिहिलेला एक कसून केलेला लेख मला अशा दहा निबंधांपेक्षा मोलाचा वाटतो.

इंग्रजीचं: मीही मराठी माध्यमाची. रोज एका लेखाची दोन पानं वाचायची आणि त्यातला मुद्दा मराठीत पाच ओळींत लिहायचा, ही सवय मी एम.ए.ला लावून घेतली. आजही सोडलेली नाही. मराठीत पाच ओळी जमल्या नाहीत तर ती पानं मला समजली नाहीत असं मी धरते आणि पुन्हा वाचते. विषय घराजवळचा घ्या. दिव्याच्या फलाटावर सकाळी सात वाजता जे घडतं त्यावर समाजशास्त्रीय काम व्हायला हवं आहे, आणि ते तुमच्याइतकं जवळून कोण बघणार?

प्रश्न: विषयाशी संबंध नसलेल्या माणसाने मराठीत काय वाचावं?
– निवृत्त बँक कर्मचारी, कोपरी, ठाणे पूर्व

त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’, १९१५ सालचा. वतनदार, बलुतेदार, फिरस्ते, कोण कोणाला काय देणं लागतो, याचा इतका बारीक तपशील तेव्हा दुसऱ्या कोणी मांडलेला मला माहीत नाही. त्यातली मतं तपासत वाचा. त्याच्या जोडीला जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचा, म्हणजे त्याच गावाकडे खालून बघितलं की काय दिसतं ते कळेल. मग इरावती कर्वे.

प्रश्न: सध्या तुमचं काय काम चालू आहे?
– प्रथम वर्ष एम.ए., सानपाडा

बाजारातल्या टोळ्यांमध्ये वडिलांच्या जागी मुलगा यायचा, ते आता कमी होतंय. शिकलेल्या मुलांना गोणी उचलायची नाही, आणि बापालाही मुलाने ती उचलावी असं वाटत नाही. मग टोळीत आता कोण येतं, कुठून येतं, त्यांची राहायची सोय कोण करतं, आणि गावकऱ्यांच्या खोल्यांचं काय झालं, हे मी आणि माझे दोन विद्यार्थी शोधतो आहोत. निवृत्त कामगारांनी गावी बांधलेल्या घरांकडेही बघायचं आहे. पाटण-जावळीकडे अशी कुलूप लावलेली पक्की घरं मी पाहिली आहेत, मालक घणसोलीत, किल्ली शेजाऱ्याकडे.

यासाठी वाचकांची मदत हवी आहे. कोणाच्या घरात टोळीची जुनी हजेरी वही, वाराईचा हिशोब, गावकरी मंडळाच्या खोलीचं इतिवृत्त, वर्गणीच्या पावत्या किंवा खानावळीची वही असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. मूळ कागद पाठवू नका. आम्ही घरी येऊन प्रत काढून घेऊ. नाव छापायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं.